पाण्याने आखलेली वाट : क्रोटनच्या जुन्या नहरेवरील सायकलमार्गाचा एक पाठ

आपल्या शाळेच्या स्मरणिकेत संस्थेचा इतिहास, देणगीदारांचे ऋणनिर्देश आणि माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी यांना हक्काचे स्थान आहेच. त्यांच्या जोडीला वर्गात प्रत्यक्ष शिकवलेला एखादा पाठही वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हा शिक्षकांना वाटले. पुढे मांडलेला पाठ भूगोलाचा आहे, विज्ञानाचा आहे आणि अखेरीस नागरिकशास्त्राचाही आहे. त्याचा आरंभ एका पत्राने झाला.

नोकरीनिमित्त अमेरिकेत, न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस राहणाऱ्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याने काही छायाचित्रे पाठवली. दर रविवारी तो एका मातीच्या वाटेवर सायकल चालवतो. दोन्ही बाजूंना झाडी, मधूनच कोणाच्या घराची मागची बाग, पलीकडे हडसन नदीचे रुंद पात्र. पत्रात त्याने लिहिले होते : "सर, आजूबाजूला सगळे चढउतार आहेत, पण ही वाट मात्र सपाट. पाय थकतच नाहीत. मैलामैलावर दगडी बुरुजासारखे काहीतरी उभे असते. ते काय आहे, हे मला सहा महिन्यांनी कळले. मी इतके दिवस पाण्याच्या बोगद्याच्या पाठीवरून सायकल चालवत होतो."

ती छायाचित्रे आम्ही इयत्ता नववीच्या वर्गात दाखवली. मुलांनी तीन प्रश्न विचारले. डोंगराळ मुलखात वाट एवढी सपाट कशी? खालचे पाणी आता कोठे गेले? तिसरा प्रश्न मागच्या बाकावरील एका मुलीचा होता : "सर, ते पाणी आणि ही वाट यायच्या आधी तिथं कोण राहत होतं?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्याच आठवड्यात देता आली. तिसऱ्यासाठी आम्हालाच पुन्हा अभ्यासाला बसावे लागले. या लेखात आम्ही त्याच क्रमाने जाणार आहोत.

तहानलेले शहर

न्यूयॉर्कचे मूळ शहर मॅनहॅटन या बेटावर वसले. बेटाच्या चहूबाजूंना पाणी असले, तरी ते खारे. गोड्या पाण्यासाठी विहिरी, झरे आणि एक तळे एवढाच आधार होता. वस्ती वाढली तशा विहिरी दूषित झाल्या आणि तळे घाणीने भरले. पुढे ते बुजवूनच टाकावे लागले.

१७९९ साली मॅनहॅटन कंपनी या खाजगी कंपनीस शहराला पाणी पुरवण्याची सनद मिळाली. तिच्या स्थापनेमागे एरन बर हे राजकारणी होते. उरलेले भांडवल इतर व्यवहारात वापरण्याची मुभा देणारे एक कलम त्या सनदेत होते. त्याचा आधार घेऊन कंपनीने तत्काळ बँक उघडली. पाण्यासाठी लाकडी ओंडके पोखरून केलेले नळ टाकण्यात आले, पण पुरवठा तोकडा आणि पाणी वाईट. बँक मात्र भरभराटीस आली. मुलांना आम्ही हा प्रसंग मुद्दाम सांगतो, कारण पाणी हे कोणाचे दुय्यम काम झाले म्हणजे काय होते, हे त्यातून स्पष्ट दिसते.

१८३२ मध्ये कॉलऱ्याची साथ आली. तिने शहरातील सुमारे ३,५०० माणसे नेली. ज्यांना शक्य होते ते गावाबाहेर निघून गेले. मेले ते बहुतांशी दाट वस्तीतील गरीब. डिसेंबर १८३५ मध्ये भीषण आग लागली. कडाक्याच्या थंडीत नदी आणि हौद गोठलेले, बंबांच्या नळ्यांतही बर्फ. व्यापारी पेठेतील शेकडो इमारती जळून गेल्या. रोगराईने जे झाले नव्हते ते आगीने झाले. दूरच्या नदीचे पाणी शहरात आणण्याच्या कामाला आता विरोध उरला नाही. नदी निवडली होती क्रोटन. अंतर ४१ मैल, म्हणजे सुमारे ६६ किलोमीटर.

किलोमीटरला वीतभर उतार

पंप बसवून पाणी ढकलत नेण्याचा विचार अभियंत्यांनी केला नाही. पाणी आपल्याच वजनाने उताराकडे वाहते, एवढ्या एका नियमावर ही नहर बांधली गेली. मुख्य अभियंता जॉन जर्व्हिस यांनी तिचा उतार मैलाला सव्वातेरा इंच ठेवला. आपल्या मापात हा उतार किलोमीटरला सुमारे २१ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम वीतभर भरतो.

हा आकडा फळ्यावर लिहून भागत नाही. म्हणून आम्ही गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी आणली, पाणी भरले आणि शाळेच्या पटांगणात ३० मीटर लांब ताणली. नळीची दोन्ही तोंडे वर धरली की दोन्हीकडील पाण्याची पातळी एक होते. त्यावरून जमिनीचा चढउतार मोजता येतो. मग मुलांनी गणित केले : किलोमीटरला २१ सेंटिमीटर, तर ३० मीटरला किती? उत्तर आले सुमारे ६ मिलिमीटर, पेन्सिलीच्या जाडीहूनही कमी. दोन खुंट्यांमधला तेवढा फरक मुलांच्या डोळ्यांना दिसेना. एक मुलगा म्हणाला, "म्हणजे आपल्याला जो उतार दिसतच नाही, तो पाण्याला कळतो." त्याचे हे वाक्य आम्ही त्या दिवशी फळ्यावर तसेच राहू दिले.

६६ किलोमीटरच्या प्रवासात हा उतार एकंदर १४ मीटरांच्या आसपास जातो. चार-पाच मजली इमारतीची उंची एवढीच. उतार याहून कमी ठेवला, तर पाणी रेंगाळते आणि गाळ बसतो. फार जास्त ठेवला, तर पाण्याचा वेग वाढून विटांचे अस्तर झिजते, शिवाय शहरात पोहोचेपर्यंत उंची हातची जाते आणि वरच्या वस्तीला पाणी चढत नाही. म्हणून आडव्या आलेल्या टेकडीतून बोगदा काढायचा, दरीवर भराव घालायचा किंवा कमान बांधायची आणि वीतभर उतार कोठेही मोडू द्यायचा नाही.

सायकलस्वाराला जी वाट सोपी वाटते, तिचे रहस्य हेच आहे. ती त्याच्यासाठी आखलेलीच नव्हती. पाण्यासाठी जमीन सम करण्यात आली आणि त्या समतेचा लाभ सव्वाशे वर्षांनी सायकलच्या चाकाला मिळाला. वृद्ध माणूस, लहान मूल, नवशिका असा ज्याच्या अंगात फार बळ नाही, तोही या वाटेवर मैल दोन मैल सहज जाऊ शकतो.

बोगद्याच्या पोटात

बांधकाम १८३७ मध्ये सुरू झाले आणि १८४२ मध्ये पाणी सुटले. तीन ते चार हजार मजूर या कामावर राबले. त्यांतील बहुतेक आयर्लंडमधून आलेले गरीब स्थलांतरित होते. रोजाची मजुरी एक डॉलरच्या आतबाहेर. बोगद्याचा छेद घोड्याच्या नालेसारखा आहे : उंची साडेआठ फूट, रुंदी साडेसात फूट, आतून विटांचे अस्तर, बाहेरून दगडी बांधकाम आणि वर मातीची ऊब, म्हणजे हिवाळ्यात पाणी गोठू नये. जानेवारी १८४१ मधील पुरात धरणाचा मातीचा भाग वाहून गेला. तो पुन्हा बांधावा लागला.

२२ जून १८४२ रोजी पाणी प्रथम नहरेत सोडले. त्याच पाण्यावर ‘क्रोटन मेड’ नावाची लहान नाव घेऊन चार माणसे अंधाऱ्या बोगद्यात शिरली आणि सुमारे २२ तासांनी हार्लेम नदीच्या काठी बाहेर पडली. या कामाची ती एक तपासणीच म्हणावी लागेल. ४ जुलैला पाणी शहरातील मरे हिल येथील वितरण-जलाशयात पोहोचले. १४ ऑक्टोबरला मोठा समारंभ झाला आणि कारंजी उडाली.

हार्लेम नदीवरील दगडी पूल १८४८ मध्ये पूर्ण झाला. त्याचे नाव हाय ब्रिज. रोमन जलसेतूंच्या धर्तीवरील त्याच्या उंच कमानींवरून पाण्याचे नळ नदी ओलांडत. पाण्याच्या वर पादचाऱ्यांसाठी वाट होती आणि नागरिक तेथे सहलीला येत. म्हणजे पाण्याच्या पाठीवरून फिरायला जाण्याची आवड आजची नव्हे, नहरेच्या जन्मापासूनची आहे.

एक गोष्ट मात्र समारंभाच्या वर्णनात झाकली जाते. घरात नळ घेण्यासाठी शुल्क भरावे लागे. ज्यांना ते परवडले त्यांच्या घरी पाणी आले. ज्यांना परवडले नाही ते पुढेही वर्षानुवर्षे रस्त्यावरच्या नळावर रांगेत उभे राहिले. नहर बांधणाऱ्या मजुरांच्या वस्त्याही त्यांतच होत्या.

नहर निवृत्त होते

शहर इतक्या झपाट्याने वाढले, की पन्नास वर्षांतच ही नहर अपुरी पडली. १८९० मध्ये तिच्याहून मोठी नवी क्रोटन नहर सुरू झाली. जुनीही शहराला पाणी देत राहिली, ती १९५५ पर्यंत. त्यानंतर ती कोरडी पडली. १९६८ मध्ये न्यूयॉर्क राज्याने शहराच्या हद्दीबाहेरील पट्टा ताब्यात घेऊन तेथे सार्वजनिक उद्यान केले. आज क्रोटन धरणापासून न्यूयॉर्क शहराच्या वेशीपर्यंत २६.२ मैल, म्हणजे सुमारे ४२ किलोमीटर लांबीची वाट आहे. योगायोगाने हे अंतर मॅरेथॉन शर्यतीइतकेच भरते. १९९२ मध्ये नहरेला राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा दर्जा मिळाला. बरीच वर्षे बंद असलेला हाय ब्रिज दुरुस्त होऊन जून २०१५ मध्ये पादचारी आणि सायकलस्वारांसाठी पुन्हा उघडला.

मुलांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की बहुतेक भागात आता पाणी नाही. उत्तरेकडील एका टप्प्यात मात्र १९८७ पासून पुन्हा पाणी खेळते आणि ते ओसिनिंग या गावाला मिळते. तेथे सायकल चालवणाऱ्याच्या चाकाखाली आजही नहर जिवंत आहे.

वाट कशी वाचावी

आमच्या माजी विद्यार्थ्याने या वाटेचे टप्पे टिपून पाठवले. ते वाचताना एक ध्यानात आले, की या वाटेवर वेगाने जाणाऱ्याला काहीच दिसत नाही. सायकलचा वेग पायी चालणाऱ्याच्या दुप्पट-तिप्पट ठेवला, तर मात्र वाट स्वतःच बोलू लागते.

आरंभी क्रोटनचे आजचे धरण लागते. हे नवे, १९०६ मध्ये पूर्ण झालेले. १८४२ चे मूळ धरण त्याच्याच जलाशयात बुडून गेले आहे. पुढे साधारण मैलामैलावर दगडी मनोरे दिसतात. बोगद्यात हवा खेळती राहावी म्हणून ते बांधले. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजहून आणलेल्या नहरेवरही असे हवेचे मनोरे होते. आपल्याकडे त्यांना ‘उच्छ्वास’ म्हणतात. यंत्रशास्त्रातील शब्दापेक्षा हा शब्द मुलांना अधिक आवडला, कारण त्यात नहर श्वास घेते.

ओसिनिंग येथे नहर एका ओढ्याची खोल घळ मोठ्या दगडी कमानीवरून ओलांडते आणि त्याच कमानीच्या खालून रस्त्याचा दुसरा पूल जातो. कमानीच्या आत कमान, असे ते दृश्य आहे. जवळच एक दगडी घर आहे. आत लोखंडी झडपा असत. बोगदा दुरुस्तीसाठी रिकामा करायचा किंवा जास्तीचे पाणी ओढ्यात सोडायचे, तर ते येथून. पुढे डॉब्स फेरी येथे नहरेच्या रखवालदाराचे १८५७ मधील घर जतन केलेले आहे. रखवालदार आपल्या टप्प्यावर फेरी मारून गळती, उंदरांची बिळे, झाडांची मुळे पाहत असे. आपल्या गावचा कालव्यावरचा पाटकरी ज्याने पाहिला आहे, त्याला हे काम ओळखीचे वाटेल.

वाट सर्वत्र अखंड नाही. महामार्ग आणि नव्या इमारती यांनी तिला काही ठिकाणी तोडले आहे. तेथे वळसा घालून, रस्ता ओलांडून पुन्हा नहरेवर यावे लागते. वाट मातीची आहे. पावसानंतर चिखलात सायकल घातली तर खोल चाकोऱ्या पडतात, पाणी साचते आणि खालच्या बांधकामाला धोका पोहोचतो. म्हणून ओल्या मातीवर जायचे नाही. पायी चालणाऱ्याला नेहमी पहिली वाट द्यायची. रस्ते ओलांडताना सायकलवरून उतरायचे. हे नियम साधे असले, तरी त्यांच्या मुळाशी एक समजूत आहे : वाट आपल्या वेगासाठी नाही, सर्वांच्या वापरासाठी आहे.

मागच्या बाकावरचा प्रश्न

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो. तिथे आधी कोण राहत होते?

नहरेचे पाणी मॅनहॅटनमध्ये प्रथम ज्या मोठ्या जलाशयात पडे, तो यॉर्क हिल या टेकडीवर बांधला होता. त्या टेकडीवर कृष्णवर्णीय कुटुंबे राहत होती. जलाशयासाठी जमीन घेतली गेली, तेव्हा त्यांतील काही कुटुंबे शेजारच्याच सेनेका व्हिलेज या वस्तीत गेली.

सेनेका व्हिलेजचा इतिहास आपल्या वाचकांनी अवश्य जाणून घ्यावा असा आहे. १८२५ मध्ये अँड्र्यू विल्यम्स या बूटपॉलिश करणाऱ्या पंचवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाने तेथे जमिनीचे तीन तुकडे १२५ डॉलरला विकत घेतले. त्या वेळी न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी पुरती संपलीही नव्हती. ती संपली १८२७ मध्ये. हळूहळू वस्ती वाढली. घरे, बागा, तीन चर्च आणि एक शाळा उभी राहिली. १८५५ च्या सुमारास तेथे सव्वादोनशे लोक होते : सुमारे दोन तृतीयांश कृष्णवर्णीय, उरलेले बहुतांशी आयरिश. ज्यांच्या हातांनी नहर बांधली गेली, त्याच समाजातील माणसे येथे शेजारी म्हणून नांदत होती.

त्या काळी न्यूयॉर्कमध्ये गोऱ्या पुरुषाला मालमत्तेच्या अटीशिवाय मत देता येई. कृष्णवर्णीय पुरुषाला मात्र २५० डॉलरची मालमत्ता दाखवावी लागे. म्हणून जमिनीचा तुकडा म्हणजे केवळ निवारा नव्हता, तो मताचा अधिकार होता. सेनेका व्हिलेजमधील काही जण असे मतदार झाले होते.

पुढे शहराने मोठे उद्यान करायचे ठरवले. तेच आजचे सेंट्रल पार्क. सार्वजनिक हितासाठी जमीन घेण्याच्या कायद्याने १८५७ पर्यंत ही वस्ती उठवण्यात आली. मालकांना मोबदला मिळाला. तो अपुरा असल्याची तक्रार अनेकांनी केली. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती, त्यांना काही मिळाले नाही. वस्ती पुन्हा कोठेही एकत्र वसली नाही. तीन चर्च, एक शाळा आणि मताचा अधिकार हिरवळीखाली गेले आणि शंभरांहून अधिक वर्षे उद्यानात फिरणाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता. २०११ मध्ये पुरातत्त्व अभ्यासकांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा घराच्या पायाचे दगड आणि रोजच्या वापरातील वस्तू मिळाल्या. आता तेथे माहितीफलक आहेत. यॉर्क हिलवरचा तो जुना जलाशयही उरलेला नाही. १९३० च्या दशकात तो भरून तेथे विस्तीर्ण हिरवळ करण्यात आली.

हे वर्गात सांगितल्यावर काही क्षण कोणी बोलले नाही. मग त्याच मुलीने विचारले, "मग नहर बांधायला नको होती का?" हा प्रश्न आम्हाला अधिक मोलाचा वाटला. नहर हवीच होती. तिच्याविना कॉलऱ्याने आणखी माणसे मेली असती आणि त्यांतही आधी गरीबच मेले असते. उद्यानही हवे होते. पण सर्वांच्या हितासाठी म्हणून जे केले जाते, त्याची किंमत दर वेळी त्याच त्या माणसांनी का चुकवावी, हा प्रश्न त्याने मिटत नाही. चांगल्या कामालाही तो विचारावा लागतो. किंबहुना चांगल्या कामालाच तो अधिक विचारावा लागतो.

आपल्या दारची जलवाहिनी

हा प्रश्न दूरदेशीचाच आहे असे कोणी मानू नये. मुंबईला पाणी देणारा विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा आणि तानसा १८९२ चा. तानसाहून येणारे पाणीही आपल्याच उताराने शहरात येते. क्रोटनची नहर उघड्या प्रवाहासारखी वाहते, म्हणून तिला अखंड उतार लागतो. तानसाच्या बंद नळांत पाणी दाबाखाली असते, म्हणून ते मध्ये खाली उतरून पुन्हा वर चढू शकते. हा फरक मुलांनी नीट समजून घ्यावा.

या जलवाहिन्यांच्या कडेला गेल्या कित्येक दशकांत हजारो कष्टकरी कुटुंबांनी झोपड्या बांधल्या. त्यांच्या भिंतीला लागून शहराचे पाणी वाहत होते आणि त्यांच्या घरात मात्र नळ नव्हता. जलवाहिनीच्या सुरक्षिततेसाठी दोन्ही बाजूंचा दहा मीटरचा पट्टा मोकळा करण्याचा आदेश उच्च न्यायालयाने दिला. पाण्याची वाहिनी सुरक्षित असली पाहिजे, याविषयी दुमत नाही. मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर महापालिकेने सुमारे ३९ किलोमीटर लांबीचा सायकलमार्ग आखला. उठवलेल्या कुटुंबांपैकी अनेकांना माहुल येथे, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी घरे देण्यात आली. तेथील हवेमुळे आजार वाढल्याची तक्रार घेऊन रहिवासी न्यायालयात गेले आणि राहण्यास योग्य जागा मिळावी म्हणून त्यांना दीर्घ लढा द्यावा लागला.

सायकलमार्ग चांगला आहे की वाईट, हा निवाडा येथे करायचा नाही. गर्दीच्या शहरात मुलांना निर्धास्तपणे सायकल चालवता येईल अशी जागा हवीच. पण त्या वाटेवर उद्या जो सायकल चालवील, त्याला खालच्या पाण्याइतकीच वरच्या माणसांचीही माहिती असावी, एवढे आमचे म्हणणे आहे.

पाणी, दान आणि हक्क

विहार आणि तुळशी तलावांच्या परिसरातच कान्हेरीची लेणी आहेत. तेथे डोंगरावर पडणारा पाऊस दगडात कोरलेल्या चरांतून टाक्यांत उतरतो. भिक्खूंच्या निवासाजवळ ही टाकी आजही दिसतात. पश्चिम महाराष्ट्रातील लेण्यांच्या शिलालेखांत लेण्यांबरोबर पोढीच्या, म्हणजे पाण्याच्या टाक्याच्या, दानाचीही नोंद असते. दान देणाऱ्यांत व्यापारी आहेत, गृहिणी आहेत, भिक्खुणीही आहेत. डोंगराचा उतार वाचून पाणी साठवण्याची विद्या आपल्या भूमीत दोन हजार वर्षांची आहे आणि ती विद्या लोकांच्या दानावर उभी राहिली, हे विसरता येत नाही.

त्याच भूमीत पुढे माणसाने माणसाला पाणवठ्यापासून दूर ठेवले. पुण्यात नहरेचे पाणी हौदांत खेळत होते, पण अस्पृश्य मानलेल्यांना ते वर्ज्य होते. १८६८ मध्ये महात्मा जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद त्यांना खुला केला. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा ठराव केला आणि महाडच्या नगरपालिकेनेही त्यास मान्यता दिली. तरी चवदार तळ्यावर कोणी जाऊ शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासमवेत हजारो माणसे तळ्यापर्यंत चालत गेली, तेव्हा तो ठराव पाण्यात उतरला. न्यायालयाची अंतिम मान्यता मिळण्यास पुढे १९३७ साल उजाडले.

येथे आमचा पाठ पुन्हा वाटेशी येऊन मिळतो. पाण्याचा हक्क आणि पाण्यापर्यंत जाणारी वाट ह्या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. वाट अडवली, की पाणी अडले. म्हणून जुन्या नहरेवरची वाट सर्वांना खुली होते, ही गोष्ट आम्हाला लहान वाटत नाही. जेथे एकेकाळी रखवालदाराखेरीज कोणाचे काम नव्हते, तेथे आज आजोबा काठी टेकत चालतात, मुले सायकल शिकतात आणि आपल्या शाळेचा एक मुलगा रविवारी घरची आठवण काढत पेडल मारतो. मात्र ती वाट खऱ्या अर्थाने सर्वांची व्हायची, तर तिथून ज्यांना जावे लागले त्यांची नोंदही त्या वाटेवर असली पाहिजे.

वाचकांस विनंती

पाठाच्या शेवटी स्वाध्याय असतो. हा स्वाध्याय विद्यार्थ्यांबरोबरच पालक आणि माजी विद्यार्थ्यांसाठीही आहे.

१. आपल्या गावात किंवा शहरात जुनी नहर, पाट, कालवा, हौद किंवा बारव आहे काय, ते शोधावे. छत्रपती संभाजीनगरची नहर-ए-अंबरी आणि पुण्याची कात्रज नहर यांचे अवशेष आजही पाहता येतात.

२. शक्य तेथे त्या पाण्याच्या मार्गाने पायी किंवा सायकलने जावे. बोगद्याच्या तोंडाशी, खोल टाक्याजवळ किंवा वाहत्या कालव्याच्या काठावर मुलांना एकटे पाठवू नये.

३. पाणी कोठून येत होते आणि कोणापर्यंत जात होते, याची नोंद करावी. कोणापर्यंत जात नव्हते, याचीही करावी.

४. त्या काठावर पूर्वी कोण राहत होते, हे वस्तीतील वडीलधाऱ्यांना विचारावे आणि त्यांचे सांगणे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे.

अशा नोंदी शाळेकडे आल्यास ग्रंथालयात त्यांची स्वतंत्र वही ठेवण्याचा आमचा मानस आहे. वहीचे पहिले पान भरलेले आहे. त्यावर माजी विद्यार्थ्याचे पत्र डकवले आहे आणि त्याखाली मागच्या बाकावरच्या मुलीचा प्रश्न, तिच्याच अक्षरात.